शाळेतील ऑनलाइन छळ : तक्रार आली त्या दिवशी शाळेने काय करावे?

वर्गशिक्षिका_आठवी (धागाकर्ती)

नमस्कार. मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी ऑनलाइन छळाच्या तक्रारींबाबत शाळेची कार्यपद्धती लिहून काढण्याचे काम मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवले आहे. येथे शिक्षक, समुपदेशक, वकील आणि पालक असे सगळेच वाचत असल्याने मसुदा पक्का करण्याआधी आपणा सर्वांशी बोलावे, असे वाटले.

आमच्याकडे काय घडते ते आधी सांगते. २०२० च्या टाळेबंदीत प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सअॅप गट तयार झाला. शाळा पुन्हा भरल्या तरी ते गट राहिले आणि मुलांनी त्यांच्या जोडीला स्वतःचे गट काढले, ज्यांत एकही शिक्षक नसतो. गेल्या वर्षी शाळेनेच फेसबुकवर टाकलेल्या स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रातून एका मुलीचा नाचतानाचा चेहरा कापून कोणीतरी त्याचे स्टिकर बनवले. गटात कोणी उत्तर चुकले की त्याखाली तिचा चेहरा टाकायचा, कोणी उशिरा आले की तिचा चेहरा, अशी रीतच पडून गेली. त्यात एकही अपशब्द नव्हता, धमकी नव्हती, अश्लील काही नव्हते. ती मुलगी मधल्या सुटीत डबा घेऊन ग्रंथालयात एकटी बसू लागली, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी ते माझ्या कानावर घातले.

अशा वेळी शाळेत पहिला प्रश्न निघतो तो ‘कोणी केले’ हा. माझे मत असे बनले आहे की हा प्रश्न दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाचा आहे. पहिल्या दिवशी त्या गोष्टीचे पसरणे थांबवायचे आणि ज्या मुलाला त्रास झाला त्याला एकटे पडू द्यायचे नाही, एवढे जरी शाळेने नीट केले तरी पुढचे पुष्कळसे सोपे होते. परंतु हे ऐन वेळी सुचत नाही. कोणी काय करायचे हे आधी ठरलेले असावे लागते. आपल्या शाळांत काय ठरले आहे आणि त्यातले काय उपयोगी पडले, ते कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त_मुख्याध्यापक

ताई, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. माझ्या अनुभवात अशा प्रकरणांत मूळ संदेशाने होते त्याहून अधिक हानी शाळेच्या घाईने होते. परिपाठाच्या वेळी सर्व वर्गांसमोर नाव न घेता केलेली ताकीद हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. नाव घेतले नाही, असे आपल्याला वाटते. पण तोपर्यंत ज्या दोनशे मुलांना काही माहीत नव्हते, ती मधल्या सुटीपर्यंत ते चित्र शोधू लागलेली असतात, आणि त्या मुलीच्या दृष्टीने शाळेनेच प्रकरण चव्हाट्यावर आणलेले असते.

दुसरी गोष्ट म्हणजे त्रास देणारा आणि त्रास सोसणारा अशा दोघांना कार्यालयात समोरासमोर उभे करून ‘मिटवून टाका’ असे सांगणे. दोन मुलांच्या भांडणात हे चालते, कारण भांडणात दोघांचे बळ साधारण सारखे असते. छळात एका बाजूला अख्खा गट असतो आणि दुसऱ्या बाजूला एकटे मूल, त्यामुळे तेथे झालेली माफी बहुधा वरवरची असते आणि तिचा सूड त्याच रात्री गटावर उगवला जातो. दोघांशी बोलणे वेगवेगळेच झाले पाहिजे, शक्यतो वेगवेगळ्या शिक्षकांनी, आणि त्रास झालेल्या मुलाशी आधी.

तिसरे, लेखी नोंद. एका साध्या वहीत तारीख, वेळ, कोणी सांगितले, काय सांगितले आणि शाळेने काय केले, एवढे त्याच दिवशी लिहून मुख्याध्यापकांनी सही करावी. ती वही कुलुपात राहावी. शिक्षकांच्या खोलीतील टेबलावर पडलेली नोंदवही हा शाळेत बभ्रा होण्याचा अगदी जवळचा मार्ग आहे.

पालक_नाशिक

मला एवढी हळुवार भूमिका पटत नाही. एका मुलीचे आयुष्य नासवणाऱ्या मुलाच्या हातात दुसऱ्याच दिवशी शाळा सोडल्याचा दाखला ठेवावा. एकदा असे घडले की वर्षभर कोणाची हिंमत होणार नाही. शाळा अशा मुलांना पाठीशी घालतात, म्हणूनच हे वाढत आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक

आपला संताप मी समजू शकतो, परंतु आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेला काढताच येत नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणाही मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई आहे आणि कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी आहे. म्हणजे त्रास देणाऱ्या मुलाला सर्वांसमोर उभे करून त्याचे संदेश मोठ्याने वाचून दाखवणे हेही शाळेला करता येत नाही. नववी-दहावीच्या मुलाला दाखला दिला, तरी फोन त्याच्यासोबतच जातो आणि गटही तसाच राहतो; फक्त शाळेचा त्याच्यावरचा उरलासुरला धाक आणि संबंध संपतो.

शालेय_समुपदेशक_पुणे

धागाकर्तीने वर्णन केलेली मुलगी बोलायला आली नाही, ग्रंथपाल बाईंनी पाहिले म्हणून कळले, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुले का बोलत नाहीत, याचे जे कारण माझ्या खोलीत वारंवार ऐकू येते ते असे की घरी सांगितले तर फोन काढून घेतील. मोठ्यांना ही शिक्षा वाटत नाही, काळजी वाटते. पण मुलाच्या दृष्टीने छळ सोसणाऱ्यालाच मित्रांपासून तोडले जाते. म्हणून पहिल्या संभाषणात ‘तू मुळात तिथे होतीसच कशाला’ आणि ‘फोन बंद करून टाक’ ही दोन वाक्ये कोणत्याही शिक्षकाच्या तोंडून निघू नयेत, हे आपल्या मसुद्यात स्पष्ट लिहावे.

मग बोलायचे काय? शांत जागी बसवून, दार अर्धे उघडे ठेवून, तिला तिच्या शब्दांत सांगू द्यावे. प्रत्येक संदेश दाखवण्याचा आग्रह धरू नये. ‘तू सांगितलेस हे बरे केलेस’ एवढे म्हणावे, आणि ‘हे कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, कारण काही गोष्टी शाळेला कायद्याने कळवाव्याच लागतात. त्याऐवजी पुढे काय होईल आणि ते कोणाकोणाला कळेल हे तिला आधी सांगावे. संभाषण संपताना, ‘उद्या सकाळी शाळेत आल्यावर तू कोणाजवळ बसशील?’ असा अगदी साधा प्रश्न मी विचारते. त्याचे उत्तर नसेल, तर त्या मुलासाठी तेवढे एक काम वर्गशिक्षकांनी त्याच दिवशी करायचे असते.

मूल स्वतःला इजा करण्याबद्दल, जगणे नकोसे झाल्याबद्दल काही बोलले, किंवा त्याच्या वहीत तसे काही आढळले, तर मात्र त्याला क्षणभरही एकटे सोडू नये, पालकांना समक्ष बोलावून घ्यावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीतून बोलता येते.

बघ्यांविषयीही लिहायला हवे. चाळीस जणांच्या गटात स्टिकर बनवणारा एक, टाकणारे चार-पाच आणि हसण्याचे चिन्ह देणारे दहा-बारा असतात. उरलेल्यांना ते आवडत नसते, पण ती गप्प असतात आणि त्यांचे गप्प राहणे त्या मुलीला होकारासारखे वाटते. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाने विकसित केलेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम नेमका या गप्प मुलांवर काम करतो. आपल्याकडे तो जसाच्या तसा आणण्याची गरज नाही. वर्गात एका तासाला मुलांनाच विचारावे की गटात असे काही आले तर धोका न पत्करता काय करता येईल. माझ्या वर्गांत मुलांनी दिलेली उत्तरे आपल्यापेक्षा व्यवहारी होती : त्याखाली लगेच गृहपाठाची शंका विचारून विषय बदलायचा, त्या मुलीला वेगळा संदेश पाठवून ‘मला हे आवडले नाही’ एवढे सांगायचे, आणि ज्या शिक्षकांवर विश्वास आहे त्यांना चिठ्ठी द्यायची.

वकील_नागपूर

कायद्याची बाजू मांडतो, कारण याबाबत शिक्षकांत दोन टोकांचे गैरसमज आढळतात. काहींना वाटते की हे सगळे पोरखेळ आहेत. काहींना प्रत्येक तक्रार पोलिसांत गेली पाहिजे असे वाटते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६ अ, ज्याच्या आधारे आक्षेपार्ह संदेशाबद्दल अटक होत असे, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले आहे. त्यामुळे केवळ बोचरा किंवा अपमानास्पद संदेश म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे आणि धागाकर्तीने सांगितलेले स्टिकरचे प्रकरण मुख्यतः शाळेने आणि पालकांनीच हाताळायचे आहे. मात्र दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरून वापरली तर कलम ६६ क, तोतयेगिरी करून फसवले तर ६६ ड, संमतीविना कोणाच्या खाजगी अवयवांचे चित्र टिपले किंवा पसरवले तर ६६ इ, अश्लील मजकूर प्रसृत केला तर ६७ आणि तो बालकांविषयीचा असेल तर ६७ ब लागू होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आल्याने धमकीसाठी तिचे कलम ३५१ आणि मुलीचा ऑनलाइन पाठलाग करण्यासाठी कलम ७८ पाहावे लागते.

आता जे मला जीव तोडून सांगायचे आहे ते. बालकाचे नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचे चित्र, मग ते खरे असो वा एखाद्या अॅपने चेहरा जोडून बनवलेले असो, समोर आले तर शिक्षकांनी ते आपल्या फोनमध्ये घेऊ नये, त्याचा स्क्रीनशॉट काढू नये, आणि ‘हे पाहा काय चालले आहे’ म्हणून शिक्षकांच्या गटावर तर मुळीच टाकू नये. हेतू कितीही चांगला असला तरी तो प्रसारच ठरतो आणि त्या मुलीला ज्यांच्यासमोर रोज बसायचे आहे त्या सर्व शिक्षकांनी ते पाहिलेले असते. अशी सामग्री कळवण्याऐवजी जवळ बाळगण्याचे परिणाम किती गंभीर आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात पॉक्सोच्या, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या, कलम १५ चा अर्थ लावताना स्पष्ट केले आहे. ज्या फोनवर ते आहे तो फोन, कोणी काय पाहिले याची लेखी नोंद आणि पोलिसांना तत्काळ खबर, एवढेच शाळेचे काम आहे.

पॉक्सो अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत. ‘आधी संस्थेच्या अध्यक्षांना विचारतो’ हे कारण तेथे चालत नाही. सद्हेतूने खबर देणाऱ्यावर मात्र दायित्व येत नाही, हेही त्याच कलम १९ मध्ये लिहिलेले आहे.

त्रास देणारा अठरा वर्षांखालील असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जाते. गुन्हा जघन्य नसेल आणि त्यात कोणी प्रौढ सामील नसेल, तर सामान्यतः प्रथम खबर (एफआयआर) नोंदवली जात नाही, पोलिसांच्या दैनंदिनीत नोंद होते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार दोन्ही बाजूंच्या बालकांची ओळख उघड करण्यास मनाई आहे, तेव्हा स्थानिक वार्ताहर शाळेत आले तर मुख्याध्यापकांनी वर्गाचे नावही सांगू नये.

गणित_शिक्षक_कोल्हापूर

वकीलसाहेब, वर्गाच्या गटाचे अॅडमिन आम्ही शिक्षक असतो. तेथे एखाद्या पालकाच्या क्रमांकावरून काही आक्षेपार्ह आले तर आमच्यावर गुन्हा दाखल होईल, या भीतीने आमच्या शाळेतील अनेकांनी गटच बंद केले आहेत. हे योग्य आहे काय?

वकील_नागपूर

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. तेव्हा त्या भीतीने गट बंद करू नयेत. ‘फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सोय चालू ठेवावी आणि शंकांसाठी दिवसातील ठरावीक वेळ खुली करावी.

संगणक_शिक्षक

पुराव्याबद्दल थोडे लिहितो, अर्थात वर सांगितलेली लैंगिक सामग्री वगळून. ‘आधी ते डिलीट कर’ असे मुलाला सांगण्याची चूक बहुतेक घरांत होते. त्याऐवजी तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यावा, पाठवणाऱ्याचे नुसते नाव न पाहता व्हॉट्सअॅपवर त्याचा क्रमांक आणि इन्स्टाग्रामवर युजरनेम व त्या पोस्टचा दुवा लिहून ठेवावा. दिसणारे नाव दोन मिनिटांत बदलता येते; दुवा नसेल तर पुढे कोणालाच काही शोधता येत नाही. त्यानंतरच ब्लॉक आणि रिपोर्ट करावे, आणि शक्यतो पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या खात्यांवरून रिपोर्ट करण्यापेक्षा ज्याचे चित्र आहे त्याच्याच खात्यावरून ‘हे माझ्याविषयी आहे’ असा पर्याय निवडून करावे.

शाळेच्या नावाने चालणारी ‘कन्फेशन’ पाने हा आमच्याकडचा मोठा त्रास आहे. कोणी चालवते ते कळत नाही, मुले निनावी मजकूर पाठवतात आणि पानावर मुलींची नावे अर्धी लिहून, वर्ग आणि तुकडी देऊन छापली जातात. शाळेचे नाव किंवा बोधचिन्ह वापरले असेल तर मुख्याध्यापकांनी संस्थेच्या अधिकृत ईमेलवरून तोतया खाते म्हणून तक्रार करावी.

नग्न किंवा चेहरा जोडून बनवलेल्या चित्रांसाठी अठरा वर्षांखालील मुलांना ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा वापरता येते. तिच्यात मूळ चित्र कोठेही पाठवावे लागत नाही. फोनवरच त्याचा एक अंकीय ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपल्या व्यासपीठांवर ते चित्र शोधून हटवतात. हे मुलांना सांगितले की त्यांचा जीव भांड्यात पडतो, कारण ‘आता हे कायमचे राहणार’ ही भीतीच त्यांना सर्वाधिक पोखरत असते. पोलिसांकडील तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि महिला व बालकांविषयीच्या विभागात नाव न देताही तक्रार नोंदवता येते.

जि_प_शिक्षक_नंदुरबार

आमची द्विशिक्षकी शाळा आहे. समुपदेशक नाही, संगणक शिक्षक नाही, आणि मुलांकडे स्वतःचे फोन नाहीत. मोठ्या भावाचा किंवा कामासाठी बाहेरगावी गेलेल्या वडिलांनी घरी ठेवलेला फोन असतो. म्हणून येथे काही घडत नाही असे नव्हे. आमच्याकडे एक पान उपयोगी पडले : भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले बाल मदत क्रमांक १०९८ आणि आपत्कालीन ११२, आणि त्याखाली आम्हा दोघा शिक्षकांचे क्रमांक. सहावीतील एका मुलाने सुटीच्या दिवशी फोन करून चुलतभावाने काढलेल्या चित्रफितीबद्दल सांगितले, ते तो क्रमांक भिंतीवर रोज दिसत होता म्हणून.

आई_ठाणे

मी वेगळ्या बाजूने लिहिते आहे. माझा मुलगा त्रास देणाऱ्यांपैकी होता. शाळेतून फोन आला तेव्हा ‘तुमच्या मुलाने असे केले’ हे वाक्य आधी आले नाही. ‘तुमच्या क्रमांकावरून काही संदेश गेले आहेत, आपण ते एकत्र पाहू’ असे बाईंनी सांगितले. माझ्याच फोनवरून गेलेले ते संदेश वाचून मला बोलता आले नाही. आधी आरोप झाला असता, तर मी भांडायला गेले असते, हे निश्चित. शाळेने त्याला काढले नाही आणि सोडलेही नाही. ज्यांना ज्यांना ते पाठवले होते त्या प्रत्येकाला त्याने स्वतः संदेश पाठवून ते काढून टाकण्यास सांगायचे आणि कोणी काढले, कोणी नाही हे बाईंना येऊन सांगायचे, असे ठरले. किती जणांपर्यंत ते पोहोचले होते, हे त्याला त्या यादीवरून प्रथमच कळले. ज्याला त्रास झाला त्या मुलाची माफी माझ्या मुलाने मागायची की नाही, हे त्रास झालेल्या मुलावरच सोपवले होते. त्याला ती अनेक आठवडे नको होती आणि शाळेने त्याचा आग्रह धरला नाही.

पालक_नाशिक

ताई, आपण हे लिहिल्याबद्दल आभार. दाखल्याविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेतो; ती यादीची पद्धत मला अधिक कठोर वाटते आणि अधिक उपयोगाचीही.

शालेय_समुपदेशक_पुणे

एक भर घालते. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमण्याचा निर्णय घेतला आणि बदलापूरच्या शाळेतील लहान मुलींवरील लैंगिक अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये तक्रारपेटी, सीसीटीव्ही आणि या समित्यांविषयी पुन्हा सूचना दिल्या. अनेक शाळांत समितीची नावे फलकावर आहेत. बैठक मात्र होत नाही. ऑनलाइन छळासाठी नवी समिती काढण्यापेक्षा हीच जिवंत करावी. तक्रारपेटी कार्यालयाच्या दारात, सीसीटीव्हीच्या समोर लावलेली असेल तर तिच्यात कोणी चिठ्ठी टाकणार नाही. ती पाण्याच्या टाकीजवळ किंवा ग्रंथालयात असावी.

वर्गशिक्षिका_आठवी (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. मसुद्यात मी आता असे लिहिले आहे. तक्रार कोणाकडेही आली तरी ती त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या कुलुपातील वहीत नोंदवली जाईल. मुलाशी एकच शिक्षक बोलेल आणि तो कोणता, हे शक्य तेथे मूल निवडेल. लैंगिक सामग्रीची शंका आली की कोणीही ती पाहण्याचा किंवा घेण्याचा प्रयत्न न करता पोलिसांना कळवले जाईल. परिपाठात घोषणा होणार नाही. शिक्षकांच्या गटावर कोणत्याही मुलाचे नाव, चित्र वा स्क्रीनशॉट टाकला जाणार नाही. हे शेवटचे वाक्य शिक्षक बैठकीत सर्वांना सोपे जाणार नाही, पण मी ते काढणार नाही.

शाळेच्या फेसबुक पानाविषयीही ठराव मांडते आहे. स्नेहसंमेलनाची, सहलीची छायाचित्रे आम्ही आजवर कोणाला न विचारता टाकत आलो. यापुढे पालकांची लेखी संमती असेल तरच, आणि एकट्या मुलाचा चेहरा जवळून दिसेल असे छायाचित्र टाकायचे नाही, असे सुचवले आहे.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. वर्गाच्या गटात क्रमांक आईवडिलांचे असतात आणि लिहितात मुले, त्यामुळे संदेश कोणी लिहिला हे ठरवताना घरात वाद पेटतात. याबाबत कोणी काही केले आहे काय?

गणित_शिक्षक_कोल्हापूर

आम्ही जूनच्या पहिल्या पालकसभेत एक फॉर्म भरून घेतो. त्यात वर्गाच्या गटातील क्रमांक कोणाच्या हातात असतो, मूल तो संध्याकाळी किती ते किती वापरते आणि त्यावर आणखी कोण लिहिते, हे पालक स्वतः लिहितात आणि मूलही त्याखाली सही करते. पालकांना ते भरताना घरात बोलावे लागते, एवढाच त्याचा मुख्य उपयोग आहे. आपल्याला नमुना हवा असल्यास व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. आपल्या पालकसभेची तारीख तेवढी कळवावी.